सूर्याची चूल आणि वडिलांची तपेली

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही कोणी विद्वान नव्हे, वक्ते तर नव्हेच. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाची पदविका घेतली आणि पस्तीस वर्षे मुलांस पाढे, भूगोल व सामान्य विज्ञान शिकविले, एवढीच आमची शिदोरी. सेवानिवृत्तीनंतर रिकाम्या हातांस काही उद्योग हवा म्हणून आम्ही घरातील टाकाऊ वस्तूंची एक सूर्यचूल केली. ती कशी केली, प्रथम कशी फसली, नंतर कशी साधली, आणि ती साधताना आमच्या पदरी कोणते शहाणपण पडले, हे आपणांपुढे मांडावे असा मानस आहे. वधूवर-परिचय आणि शिष्यवृत्ती हे महत्त्वाचे विषय सोडून हे पुठ्ठ्याच्या खोक्याचे पुराण कशास, असे कोणास वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती. हे पुराण फिरून आपल्या तांबट समाजाच्या दारीच येऊन थांबणार आहे.

सूर्याच्या उन्हावर अन्न शिजविण्याची कल्पना आजकालची नव्हे. जिनिव्हा येथील द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये काचेचे झाकण असलेल्या पेट्या करून उन्हात ठेविल्या. प्रयोग सुधारीत नेता नेता त्याच्या पेटीतील उष्णता पाणी उकळण्याच्या बिंदूच्याही वर गेली. पुढे १८३० नंतरच्या दशकात सर जॉन हर्शेल हे विख्यात खगोलशास्त्रज्ञ दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी तारे पाहण्यासाठी राहिले असता त्यांनीही अशाच पेटीत अन्न शिजवून पाहिले. आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट याहून जवळची आहे. मुंबईत सरकारी सेवेत असलेल्या विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने आरशांनी वेढलेली अष्टकोनी सूर्यचूल तयार केली आणि १८७८ मध्ये मुंबईतच या विषयावर ‘सोलर हीट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या त्या चुलीवर सात सैनिकांचे अन्न दोन तासांत शिजत असे. म्हणजे ज्या उन्हाने आपण कपाळावरचा घाम पुसतो, त्याच उन्हावर आपल्याच मुंबईत सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पंक्ती उठल्या होत्या!

पुढे १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने घरोघरी वापरण्याजोगी आरशाची सूर्यचूल काढली. पण ती लोकांच्या पचनी पडली नाही. त्याच सुमारास अमेरिकेत मारिया टेल्केस या विदुषीने चार बाजूंस परावर्तक असलेली पेटी तयार केली. १९७६ मध्ये अमेरिकेतीलच ॲरिझोना राज्यात बार्बरा कर आणि शेरी कोल या दोन महिलांनी साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची सूर्यचूल करून दाखविली, आणि हे काम कारखान्याच्या तावडीतून सुटून घरच्या ओसरीवर आले. आपल्या महाराष्ट्रात शिर्डीच्या साई संस्थानाने २००९ मध्ये ७३ मोठ्या परावर्तक तबकड्या बसवून उन्हाच्या वाफेवर प्रसादाचे अन्न शिजविण्याची योजना उभारली. एका टोकास ती प्रचंड पाकशाळा आणि दुसऱ्या टोकास आमचे दोन खोक्यांचे चिमुकले यंत्र. परंतु दोहोंचा यजमान एकच, आकाशातील सूर्यनारायण!

आता या पेटीत अन्न शिजते कसे, ते पाहू. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या मोटारीत आपण दुपारी बसलो असता जीव कासावीस होतो, हा अनुभव सर्वांस आहे. सूर्यप्रकाश काचेतून सुखाने आत शिरतो. आत काळा पृष्ठभाग असला म्हणजे तो प्रकाश गिळतो आणि तापतो. तापलेल्या वस्तूपासून जे उष्णतेचे किरण निघतात, ते निराळ्या जातीचे असतात. त्यांस काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. शिवाय काचेमुळे आतील तापलेली हवाही अडते. पेटीच्या बाजूंनी उष्णता निसटू नये म्हणून भोवती कोंदट आवरण असले की काम झाले. प्रकाश आत घेणे, तो काळ्या वस्तूने गिळणे आणि निर्माण झालेली उष्णता कोंडून ठेवणे, ही तीन सूत्रे ज्याने ध्यानी धरली, त्यास आकृतीचीही गरज नाही.

साहित्य सारे घरचेच. पुठ्ठ्याची दोन खोकी घ्यावीत. आमचे बाहेरचे खोके लांबीरुंदीने ५५ सेंटीमीटर व उंचीने २५, तर आतले ४५ व २० सेंटीमीटर होते. एकात एक ठेविल्यावर चहूबाजूंस आणि तळाशी ५ सेंटीमीटर पोकळी राहते. तळाच्या पोकळीत आधी रद्दीचे घट्ट बोळे पसरावेत, त्यांवर आतले खोके ठेवावे आणि मग बाजूंच्या फटी रद्दीने, जुन्या चिंध्यांनी किंवा साळीच्या तुसाने भराव्यात. थर्मोकोल मात्र टाळावा. तो उष्णतेने आकसतो. पोकळीचे तोंड वरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी बंद करावे. आतल्या खोक्याच्या बाजूंस पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवावा. स्वयंपाकघरात एकदा वापरलेला कागद पुसून घेतला तरी चालतो. तळाशी काळा रंग दिलेला पत्रा ठेवावा. खाद्यतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा कापून उलगडला की हा पत्रा निघतो. तो पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर बोटभर उचलून ठेवावा, म्हणजे त्याची उष्णता तळाशी वाया जात नाही. वर झाकण म्हणून जुन्या खिडकीचे ५० सेंटीमीटरचे तावदान. त्याच्या कडा घासून बोथट कराव्यात व कापडी पट्टीने मढवाव्यात, नाहीतर बोटे कापतात. काच जेथे टेकते, तेथे जुन्या गोधडीची पट्टी चिकटवावी, म्हणजे फट राहत नाही. शेवटी एका मोठ्या पुठ्ठ्यास तोच चकचकीत कागद चिकटवून तो मागील बाजूस बिजागरीप्रमाणे बांधावा आणि काठीचा टेकू देऊन असा कलता ठेवावा की त्यावरचे ऊन परावर्तित होऊन पेटीत पडेल. पेटी तयार झाल्यावर दोन दिवस रिकामीच तापवावी, म्हणजे रंगाचा व खळीचा वास निघून जातो.

इतके सारे आम्ही गेल्या फेब्रुवारीत यथासांग केले, असे आम्हांस वाटले. फळ्यावर गणित बिनचूक मांडले म्हणजे उत्तर चुकत नाही, या पस्तीस वर्षांच्या विश्वासाने आम्ही एका रविवारी मुलगा, सून आणि नात यांस गच्चीवर बोलाविले आणि स्टीलच्या लखलखीत भांड्यात तुरीची डाळ ठेविली. अकरा वाजता ठेविलेली डाळ दीड वाजता पाहिली, तो दाणे जसेच्या तसे! नात म्हणाली, “आजोबा, डाळीला फक्त आंघोळ घातलीत का?” सारे हसले. आम्हीही हसलो, पण मनातून खजील झालो.

दोष कोठे राहिला, हे आमच्या सौभाग्यवतींनी दोन वाक्यांत सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो, उत्तरपत्रिका तपासल्यासारखे दर दहा मिनिटांनी झाकण काय उघडता? चुलीवर विश्वास नसेल तर अन्न शिजत नाही. आणि डाळ भिजवायला नको का? पाणीही गॅसच्या हिशेबाने घातलेत. इथे वाफ बाहेर जातच नाही.” आम्ही निरुत्तर झालो. प्रत्येक वेळी काच उचलली की कोंडलेली उष्णता क्षणात उडून जाते आणि ती पुन्हा जमण्यास बराच वेळ लागतो. चाळीस वर्षे त्या गृहिणीने अन्न शिजविले. आम्ही पुस्तक वाचून चूल केली, पण तिचा सल्ला घेण्याचे आमच्या मनातही आले नव्हते.

उरलेले दोष आमच्या चुलत्यांनी दाखविले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे असून कसबा पेठेतील तांबट आळीत त्यांनी सारा जन्म घालविला. आम्ही पेटी दाखविली तेव्हा त्यांनी प्रथम काचेखालून हात फिरविला. एका कोपऱ्यात काच टेकतच नव्हती, कारण आम्ही कापलेला पत्रा वाकडा होऊन कडेशी वर आला होता. ते म्हणाले, “मास्तर, पत्र्याला भिऊन कसं चालेल? तो काय कागद आहे? कुठं वाकायचं ते त्याला सांगावं लागतं.” मग त्यांनी लाकडी मोगरी मागविली. हात थरथरत होते. पण मोगरी पत्र्यावर पडू लागताच थरथर कोठच्या कोठे गेली! पंधरा मिनिटांत त्यांनी पत्र्याच्या चारी कडा अशा दुमडल्या की डाग न देता, खिळा न मारता त्याची नेटकी पराती झाली. आम्ही तोच पत्रा दोन दिवस झटून वाकडा केला होता.

मग ते म्हणाले, “भांडं स्टीलचं कशाला? तुझ्या बापाची तपेली आहे ना?”

येथे आम्हांस थोडे घरचे सांगणे भाग आहे. आमचे वडील मठारकामात निष्णात होते. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके एकाशेजारी एक असे काही बसवीत की भांड्यास मजबुती येई आणि शोभाही. स्टीलची भांडी घरोघर आली आणि आळीतील कामे रोडावली. त्या दिवसांत एकदा वडील आम्हांस म्हणाले, “हातोडा माझ्यापाशी संपू दे. तू खडू धर.” आम्ही खडू धरला. त्यांच्या हातची घंगाळे, पातेली आणि एक सुंदर बंब आम्ही १९९४ मध्ये नव्या घराच्या हप्त्यासाठी मोडीत घातली. वजनावर पैसे मिळाले. ठोक्यांचे काहीच मिळाले नाही. एक तपेली मात्र आईने हट्टाने ठेवून घेतली होती. ती आम्ही चिंच लावून लख्ख घासून दिवाणखान्यातील कपाटात शोभेस ठेविली होती.

ती पाहून चुलते हसले. म्हणाले, “ही तर नवरी झाली! भांडं कामाचं असतं तेव्हा काळं असतं.” आम्हांस ओशाळल्यासारखे झाले, कारण सूर्यचुलीचे दुसरे सूत्र तेच होते. लखलखीत धातू प्रकाश परतवून लावतो; काजळी मात्र तिच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या दहा भागांपैकी नवाहून अधिक भाग गिळते. आमच्या आईने धुरात डोळे चोळीत, राखेने खरवडून खरवडून जी काजळी जन्मभर काढली, तीच येथे कामाची! चुलत्यांनी तपेलीस आतून ताजी कल्हई करवून आणली आणि नारळाच्या करवंट्यांच्या जाळावर धरून ती व तिचे झाकण बाहेरून काळे केले. कल्हईचे कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते; आमच्या पेटीत उष्णता ११०-१२० अंशांच्या आसपास जाते, तेव्हा कल्हईस धोका नाही. शिवाय तांबे हे स्टीलपेक्षा वीसपटींहून अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेते, त्यामुळे एका बाजूस पडलेले ऊन भांडेभर सारखे पसरते. हे आम्ही वर्गात कित्येकदा शिकविले होते; पण आमच्या कपाटातील तपेली तांब्याची आहे आणि तिला हे लागू आहे, हे मात्र आम्हांस कधी सुचले नव्हते!

पुढच्या रविवारी दोन वाट्या आंबेमोहोर तांदूळ धुऊन, नेहमीपेक्षा थोडे कमी पाणी घालून तपेली अकरा वाजता पेटीत ठेविली. सौभाग्यवतींनी गच्चीची किल्लीच आपल्या कमरेस लाविली, म्हणजे आम्ही वर जाण्याचा प्रश्न उरला नाही. पाऊण वाजता काच उचलली तो सुगंधाचा लोट आला. शिते मोकळी, अखंड, तळाशी करपण नाही. चुलत्यांनी पहिला घास घेतला. काही वेळ ते बोललेच नाहीत. मग तपेलीच्या कडेवर बोट फिरवून म्हणाले, “दादाचा हात आहे.” त्या क्षणी आमचे डोळे भरून आले, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. आपल्या घड्याळाची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची असल्यामुळे पुण्यात सूर्य माथ्याशी येतो तो बाराच्या ठोक्यास नव्हे, तर सरासरी साडेबाराच्या पुढे. म्हणून साडेदहा ते अडीच ही वेळ उत्तम. मेच्या मध्यास सूर्य पुण्यात नेमका डोक्यावर असतो, तर डिसेंबरात भरदुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो. तेव्हा हिवाळ्यात पेटी दक्षिणेकडे तोंड करून थोडी कलती ठेवावी. दर अर्ध्यापाऊण तासाने ती सूर्याकडे वळवावी. मात्र काच उचलू नये. शेजारच्या इमारतीची सावली किती वाजता पडते, ते आदल्या दिवशी पाहून ठेवावे. भात दोन तासांत होतो. भिजविलेल्या डाळीस अडीच ते तीन तास लागतात. रताळी व बटाटे उत्तम उकडतात. शेंगदाणे खमंग भाजतात. ढग आले आणि अन्न अर्धे शिजून कोमट राहिले, तर ते तसेच ठेवू नये. ताबडतोब गॅसवर पुरते शिजवावे, कारण कोमट अन्नात रोगजंतू झपाट्याने वाढतात. तपेलीस हात लावताना जाड फडके घ्यावे, आणि परावर्तकाच्या झळाळीकडे मुलांस टक लावून पाहू देऊ नये.

अतिशयोक्ती करणे शिक्षकास शोभत नाही. ही पेटी गॅसची जागा घेणार नाही. पोळी-भाकरी तिच्यावर होत नाही, फोडणी होत नाही, पावसाळ्यात ती माळ्यावरच जाते, आणि ज्यांच्या घरास ऊनच नाही त्यांस तिचा उपयोग नाही. परंतु उन्हाळ्या-हिवाळ्यात आठवड्यातून चार दिवस भात व डाळ उन्हावर झाली, तर तेवढे इंधन निश्चित वाचते. आणि आपल्यापैकी ज्यांच्या गावाकडील घरी अद्याप लाकडावर स्वयंपाक होतो, तेथील माउलीचे डोळे तेवढे दिवस तरी धुरापासून सुटतील. आमच्या आईस ही पेटी मिळाली नाही, ही खंत आमच्या मनात राहील.

शेवटी एक कबुली देतो. शाळेत कार्यानुभवाची तासिका असे. परीक्षा जवळ आली की ती तासिका आम्ही गणितास घेत असू आणि त्यात काही गैर आहे असे आम्हांस कधी वाटले नाही. श्रमप्रतिष्ठेवर निबंध मात्र दरवर्षी लिहून घेत असू! वडिलांनी हातोडा आपल्यापाशी संपू दे म्हटले, ते पोटाच्या काळजीने. ती काळजी खरी होती, आणि खडूने आमचे घर चालले हेही खरे. परंतु हातोड्यावर पोट न भरणे वेगळे आणि हातोड्यातील ज्ञानच विसरणे वेगळे. पहिली गोष्ट वडिलांनी ठरविली होती. दुसरी आमच्या हातून, कोणी न सांगता घडली. ज्या ज्ञानास आम्ही मागासलेले समजून मागे टाकले, त्याच्यावाचून आमची विज्ञानाची पेटी दीड बोटाच्या फटीने अडून बसली.

म्हणून या व्यासपीठावरून कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे. दिवाळीच्या सुट्टीत पाऊस सरून स्वच्छ ऊन पडते. त्या वेळी एक दिवस आपल्या सभागृहाच्या गच्चीवर मुलांस जमवावे. प्रत्येकाने दोन खोकी, एक रिकामा तेलाचा डबा आणि घरातील रद्दी आणावी. काचा काय त्या मोठ्या माणसांनी आणाव्यात. शिकविण्यास आम्ही येऊ. पण पत्रा वाकविण्यास आळीतील वृद्ध कारागिरांस सन्मानाने बोलवावे व त्यांस खुर्ची आमच्या आधी द्यावी. दुपारी सर्वांनी उन्हावर शिजलेला भात त्यांच्यासमवेत जेवावा. आणि प्रत्येक घरी जुने तांब्याचे भांडे असेल, ते कोणाच्या हातचे आहे हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून मुलांनी वहीत नोंदवावे. भांडे एकदा मोडीत गेले की तोलकाट्यास ते नाव सांगता येत नाही. आम्ही हे अनुभवाने बोलतो.

आमच्या घरी ती तपेली आता दिवाणखान्यातील कपाटात नाही. ती स्वयंपाकघरात, हाताशी असते आणि बाहेरून काळीकुट्ट आहे. पाहुणे विचारतात, हिला घाशीत का नाही? आम्ही त्यांस गच्चीवर नेतो.